नकाशा म्हणतो ३.१२, लॅब म्हणते ०.९२. मातीतल्या सेंद्रिय कर्बाचा नकाशा काढायचा तरी कसा?

मुलुंडची_मुरबाडकरीण (४ जानेवारी, रात्री ११:२०)

आधीच सांगते, प्रश्न लांब आहे.

मी मुलुंड पूर्वेला राहते, अंधेरीत नकाशांच्या एका कंपनीत नोकरी करते. दिवसभर रस्ते आणि इमारतींच्या कडा गिरवायच्या, असलं काम. मातीशी संबंध बाल्कनीतल्या तुळशीपुरता. माहेर मात्र मुरबाड तालुक्यातलं, माळशेजच्या बाजूला. तिथे चार-पाच वाड्यांनी मिळून एक गट केलाय, त्यात माझा चुलतभाऊ आहे. गणपतीत घरी गेले तेव्हा त्याने काम गळ्यात मारलं. "तू नकाशे काढतेस ना? मग आपल्या मातीतल्या कर्बाचा नकाशा काढून दे." कर्ब म्हणजे पालापाचोळा, शेण कुजून मातीत उरलेला कार्बन.

गटाला दोन गोष्टी ठरवायच्यात. देवराई आणि तिच्या वरचं जंगल, यातला कुठला तुकडा आधी राखायचा, ही एक. दुसरी म्हणजे गटाचं गांडूळखत थोडंच आहे, ते आधी कुणाच्या शेतात जाणार. दुसऱ्या गोष्टीवरून एक भांडण आधीच होऊन गेलंय. नकाशा हवाय तो बहुतेक पुढच्या भांडणात पुरावा म्हणून.

मला वाटलं दोन रविवारांचं काम. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या आयएसआरआयसी संस्थेचं सॉइलग्रिड्स फुकट मिळतं. सगळ्या जगाचा नकाशा, २५० मीटरचा पिक्सेल, २ मीटर खोलीपर्यंत सहा थर. डाउनलोड केलं, गावावर क्लिक केलं, आकडा आला ३१२. कुठेतरी "१० ने भागा" असं वाचलं होतं, भागलं, हिरव्या छटा भरल्या आणि भावाला स्क्रीनशॉट पाठवला. तासाभरात गटाच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरला: "आपल्या गावात ३१ टक्के कर्ब!!" फुलांचे इमोजी, अभिनंदन, सगळं.

तो आकडा डेसिग्रॅममध्ये असतो. १० ने भागल्यावर येतात किलोमागे ग्रॅम, टक्क्यांसाठी परत १० ने भागायचं. म्हणजे ३.१२ टक्के. ३१ टक्के कर्बाची माती म्हणजे गोवरीच झाली की! हे मला दोन दिवसांनी कळलं, तोवर सरपंचांपर्यंत पोचलं होतं.

मग ठरवलं, आता माती हातात घेतल्याशिवाय बोलायचं नाही. भात झोडून झाल्यावर डिसेंबरात दोन रविवार गेले. १४ ठिकाणं: भाताची खाचरं, वरकस (डोंगरउतारावरची हलकी जमीन), जंगलाची कड, देवराईच्या बाहेरचा पट्टा. आतली माती काढायला गुरवांनी नको म्हटलं, तो विषय तिथेच संपला. पुस्तकात आहे तसा इंग्रजी व्ही अक्षराचा खड्डा, १५ सेंमी खोल, एका शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा, सगळी माती घमेल्यात एकत्र करून चौथाई करत अर्धा किलोवर आणायची. ती ७ किलो माती पाठीवर घेऊन मुरबाड-कल्याण एसटी आणि पुढे लोकल. लेडीज डब्यात एका काकूंनी विचारलं, "कुंड्यांसाठी का? आमच्या भांडुपला मिळते की."

खाजगी लॅबचा रिपोर्ट परवा आला. खालच्या खाचराचा आकडा ०.९२. हे खाचर त्याच ३.१२ वाल्या पिक्सेलमध्ये आहे. वरकस १.७४. आणि एक नमुना चक्क ३.४०, तोही साध्या शेतातला.

आता माझा गोंधळ असा. नकाशा आणि लॅब यांत तिपटीहून जास्त फरक कसा? मुरमाड वरकसात खाचरापेक्षा दुप्पट कर्ब कसा? तिथे नाचणीसुद्धा धड येत नाही. आणि हे १४ आकडे टाकून संगणकाकडून पूर्ण भागाचा नकाशा भरून घेता येईल का? ऑफिसात एकजण म्हणाला, "रँडम फॉरेस्टला दे, तो काढतो." (नमुन्यांवरून शिकून बाकीच्या जागांचे आकडे अंदाजाने भरणारी ही संगणकाची पद्धत.) द्यावं का?

---

रास्टरवाला (५ जानेवारी, सकाळी ८:०५)

१४ नमुन्यांवर रँडम फॉरेस्ट चालवू नका. संगणक नाही म्हणणार नाही, देखणा नकाशा काढून देईल, हाच धोका आहे.

पहिलं खोलीचं बघू. ३.१२ हा वरच्या ५ सेंमीचा आकडा. पालापाचोळा तिथेच कुजतो, त्यामुळे तो थर नेहमी श्रीमंत दिसतो. तुम्ही खणलंत १५ सेंमी. म्हणजे ०-५ आणि ५-१५ या दोन थरांची सरासरी जाडीच्या वजनाने काढायला हवी. दुसऱ्या थराचा आकडा टाका इथे.

दुसरं, २५० मीटरचा पिक्सेल म्हणजे ६.२५ हेक्टर. गुंठ्यांत ६०० च्या वर. तुमच्याकडचं खाचर किती गुंठ्यांचं असतं? पाच? सात? त्या एका चौकोनात ओढा, दहा-वीस खाचरं, बांधावरची झाडं, वरकसाचा उतार आणि कदाचित जंगलाची कडही बसली असेल. नकाशा या सगळ्यांचा मिळून एकच आकडा सांगतो. तो तुमच्या खाचराचा नाहीच.

तिसरी गोष्ट बहुतेक लोक उघडूनच बघत नाहीत. सॉइलग्रिड्स प्रत्येक पिक्सेलला ५ आणि ९५ टक्क्यांच्या अशा दोन मर्यादाही देतं, म्हणजे खरा आकडा बहुधा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. त्या लेयर उतरवा आणि तुमच्या गावचा पल्ला बघा. जगभरच्या मातीच्या खड्ड्यांच्या नोंदींवर हे मॉडेल शिकलंय, भारतातल्या खुल्या नोंदी त्यात विरळ. मॉडेल स्वतःच कबूल करतं की मला नीट माहीत नाही, फक्त ते आपण छापत नाही.

जाता जाता: ते रास्टर (चौकोनाचौकोनांचा नकाशा) होमोलोसिन प्रोजेक्शनमध्ये येतं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर बसवायची त्याची पद्धत वेगळी आहे. नीट बदलून घेतलं नसेल तर तुमचं गाव शेजारच्या डोंगरावर बसलं असेल. तेवढं तपासा.

---

मुलुंडची_मुरबाडकरीण (५ जानेवारी, दुपारी १:४५)

प्रोजेक्शन बरोबर आहे. पोटापाण्याचं कामच ते, तिथे चुकले तर घरी बसवतील.

५-१५ चा आकडा २१४. म्हणजे (५ × ३.१२ + १० × २.१४) भागिले १५ = २.४७. फरक थोडा खाली आला. वरच्या थराची मर्यादा बघितली: १.१ ते ६.४! हे मी गटाला कसं सांगू? "आपला कर्ब १ ते ६ च्या मध्ये कुठेतरी आहे" म्हटलं तर पुढच्या गणपतीत मला मोदक मिळणार नाहीत.

---

परीक्षानळी (५ जानेवारी, रात्री ९:३०)

मी ३१ वर्षं माती-पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली, आता पार्ल्यात निवृत्त. ०.९२ बद्दल मला दोन प्रश्न आहेत.

रिपोर्टवर पद्धत काय लिहिली आहे? बहुतेक वॉकली-ब्लॅक असेल, १९३४ सालची. अर्धा किंवा एक ग्रॅम बारीक चाळलेली माती, तिच्यावर १० मिली पोटॅशियम डायक्रोमेट (कर्ब जाळणारं रसायन), मग २० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. फ्लास्क हातात फिरवताना चटका बसतो इतकी उष्णता आपोआप निर्माण होते, बाहेरून तापवत नाहीत. अर्धा तास ठेवायचं, मग पाणी घालून उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचं. शेवटी निळाजांभळा रंग एका थेंबात हिरवा होतो. तो थेंब ओळखणं हीच सगळी कला. नवा मुलगा हमखास दोन थेंब पुढे जातो.

बाहेरून तापवत नसल्यामुळे मातीतला सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्केच जळतो. म्हणून उत्तराला १.३ ने गुणायचं असतं. काही लॅब गुणून देतात, काही देत नाहीत, आणि रिपोर्टवर कुणीच लिहीत नाही. फोन करून विचारा. न गुणलेला असेल तर तुमचा ०.९२ हा १.२० होतो.

आणखी एक बघा: काही रिपोर्टांत सेंद्रिय कर्ब देतात, काहींत सेंद्रिय पदार्थ. पदार्थात कर्ब ५८ टक्के धरतात, म्हणून पदार्थाचा आकडा कर्बाच्या १.७२४ पट असतो. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, बऱ्याचदा भांडण या गुणाकाराचंच असतं.

दुसरा प्रश्न वरकसाच्या नमुन्याचा. चाळताना खडे किती निघाले? लॅब २ मिमीच्या चाळणीखालचीच माती तपासते. वरचे खडे कचऱ्यात जातात आणि त्यांच्याबरोबर तुमचं उत्तरही. १.७४ हा फक्त बारीक मातीतला कर्ब आहे. ती बारीक माती त्या जमिनीत आहे किती?

पुढच्या खेपेला जाल तेव्हा घनताही मोजून आणा. मुलुंडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात आतून ५ सेंमी व्यासाचा लोखंडी पाइप मिळेल. ५ सेंमीचा तुकडा कापून एका कडेला धार लावून घ्या. त्याचं आतलं आकारमान साधारण ९८ घनसेंमी. लाकडी ठोकळा ठेवून जमिनीत ठोका, कडेने खणून सबंध काढा, घरी वाळवून वजन करा. खाचरात हे जमेल. वरकसात पाइप शिरणार नाही, तिथे छोटा खड्डा करून निघालेली सगळी माती पिशवीत भरा, खड्ड्यात पातळ प्लास्टिक पसरा आणि काठापर्यंत मोजून पाणी ओता. जितकं पाणी, तितकं आकारमान. खडे वेगळे करून मोजपात्रातल्या पाण्यात टाका, पाणी किती चढलं ते लिहा. खड्यांचं वजन आणि आकारमान दोन्ही वजा करून उरलेल्या मातीची घनता काढा.

---

खाचरातला (६ जानेवारी, सकाळी ६:१०)

ताई, मी कर्जतचा. तुमचा तो ३.४० वाला नमुना कुठून घेतला ते आठवतं का? मला वाटतं राबातला असणार.

मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडे भाताची रोपं टाकायची जागा आधी भाजतात. डोंगरातून टहाळ (झाडांच्या पालेदार फांद्या) आणायचा, त्यावर शेण, पालापाचोळा, गवत, वरून माती, आणि उन्हाळ्यात आग लावायची. हा राब. तण मरतं, रोप जोरात येतं. बाप-आजा त्याच तुकड्यात भाजत आले, तिथली माती कोळशानं काळीभोर झालेली असते. वाटेच्या कडेला असते म्हणून नमुना घ्यायला सोपी पडते.

पण नीट बघितलं तर तो कर्ब शेताचा नाहीच, डोंगराचा आहे. वरची झाडं तोडून खाली आणलेली. तुमच्या नकाशात राब हिरवागार दिसेल आणि ज्या वरकसातून टहाळ गेला ते उघडं पडेल, तर उलटंच शिकवाल लोकांना.

---

परीक्षानळी (६ जानेवारी, सकाळी १०:१५)

खाचरातले दादा बरोबर बोलले. त्यात आमची बाजूही ऐका. वॉकली-ब्लॅकमध्ये कोळसा नीट जळत नाही. उच्च तापमानाला माती जाळून वायू मोजणारं यंत्र वापरलंत तर तोच नमुना आणखी वर जाईल. ते यंत्र कोळसाही मोजतं आणि चुनखडीही. घाटावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत आम्लाने चुना आधी घालवला नाही तर दगडातला कर्बही शेणखताच्या खात्यावर जमा होतो. तुमच्याकडे चुनखडीचा त्रास नसावा, पण एका लॅबचे आकडे आणि दुसऱ्या यंत्राचे आकडे एकाच नकाशात कालवू नका.

---

ठाणेखाडी (६ जानेवारी, रात्री १०:५०)

मुलुंड पूर्व म्हणजे तुमच्या खिडकीतून कांदळवन दिसत असेल, म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं ठाणे खाडीपासून घाटापर्यंतचा कर्ब साठ्याचा नकाशा काढला होता. खाडीकाठ गडद तपकिरी, येऊरचं जंगल मध्यम, आणि शहापूर-मुरबाडची सगळी शेती फिकट पिवळी. भिंतीवर लावायला छान होता. मग एका शेतकऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे आमची जमीन मेलेली आहे का?"

तेव्हा चूक लक्षात आली. कांदळवनाचा चिखल आणि भातशेती एकाच रंगपट्टीवर बसवली की शेतीत कितीही फरक असला तरी दिसत नाही. खाडीत भरतीबरोबर गाळ येतो, हवा खोल जात नाही, कुजणं मंदावतं, कर्ब मीटर-मीटर खोल साठतो. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१३ च्या पाणथळ जमिनींच्या पुरवणीत कांदळवनाचा साठा १ मीटर खोलीपर्यंत धरलाय. अन्न व कृषी संघटनेचा २०१७ चा जागतिक नकाशा आहे ३० सेंमीचा, पिक्सेल १ किलोमीटर. तो कांदळवनाला न्याय देत नाही आणि तुमच्या खाचराला तर नाहीच.

राखायच्या जागेसाठी प्रश्न असतो: इथे हेक्टरी किती टन आहे, आणि बांध घातला, निचरा केला, झाडं तोडली तर किती उडून जाईल? शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा: माझ्यासारख्याच जमिनीत, माझ्यासारख्याच उतारावर, दुसऱ्याला जमलं तेवढं माझ्यात का नाही? पहिल्याला टन लागतात, दुसऱ्याला आपल्या जातीच्या जमिनीशी तुलना. माझ्या मते नकाशे दोन वेगळे काढा आणि एकमेकांशेजारी लावूच नका.

आणि कुतूहल म्हणून खिडकीखालची माती काढायला जाऊ नका. २००५ च्या आणि मग २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशांनी कांदळवनाला संरक्षण आहे, समोरचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. वन खात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागते. शिवाय मीठ. मिठातलं क्लोराइड डायक्रोमेट खातं आणि लॅब त्याला कर्ब समजते. बरोबर ना मॅडम?

---

परीक्षानळी (७ जानेवारी, सकाळी ७:२०)

बरोबर. खार जमिनीच्या नमुन्याला आम्ही आम्लात सिल्व्हर सल्फेट घालत असू. महाग पडतं म्हणून गाळणाऱ्या लॅब असतात.

---

मुलुंडची_मुरबाडकरीण (१९ जानेवारी, रात्री १०:१०)

सगळ्यांचे आभार. हा रविवार पाइपचा तुकडा, लाकडी ठोकळा, मोजपात्र आणि आईचा पोळपाटाएवढा प्लास्टिकचा कागद घेऊन गावी गेले. पाइप कापून देणाऱ्याने तीनदा विचारलं, "मॅडम, नक्की पाचच सेंटिमीटर?"

लॅबला फोन केला. १.३ लावलेला नाही. मग खाचर १.२० आणि वरकस २.२६.

३.४० चा नमुना राबातलाच! भाऊ म्हणाला, "तिथे माती भुसभुशीत होती, लवकर काढून झाली." त्याला फार काही बोलले नाही, त्या दिवशी आम्ही दोघंही उपाशी होतो.

आता मुख्य गोष्ट. खाचरातल्या मातीची घनता आली घनसेंमीला १.४ ग्रॅम, खडे आकारमानाने जेमतेम ३ टक्के. वरकसात पाइप पहिल्याच ठोक्याला वाकला. मग खड्डा, प्लास्टिक आणि पाणी. पिण्याच्या बाटलीतलं पाणी मोजून ओतताना आजूबाजूला सहा पोरं जमली, एकाने विचारलं, "ताई, विहीर काढताय?" बारीक मातीची घनता १.२, आणि खडे आकारमानाने ४० टक्के.

रात्री हिशोब मांडला. कर्ब टक्के × घनता × खोली सेंमी × खडे सोडून उरलेला हिस्सा, उत्तर थेट हेक्टरी टन.

खाचर: १.२० × १.४ × १५ × ०.९७ = २४.४
वरकस: २.२६ × १.२ × १५ × ०.६० = २४.४

मी चारदा परत केलं. टक्क्यांत दुपटीजवळचा फरक आणि साठा सारखा! थोडा योगायोगही असेल, दोनच खड्डे आहेत. पण वरकसाला "श्रीमंत" म्हणणारा माझा एक्सेलचा तक्ता मी पुसून टाकला. त्यातही वरकसात वीतभर खाली कुदळ मुरमावर खणखणते, तिथे पुढे मातीच नाही. खाचरात आम्ही ४० सेंमी गेलो तरी माती संपली नाही. ३० सेंमीचा हिशोब केला तर खाचर पुढे जाईल असं वाटतं, खालच्या थराचे नमुने आत्ता लॅबमध्ये आहेत.

आता विचारते ते एवढंच: नकाशा भरू कसा?

---

रास्टरवाला (२० जानेवारी, सकाळी ९:००)

झकास काम. आता मॉडेल विसरा. तुम्हाला उतार आणि जमिनीचा वापर एवढंच पुरे. ३० मीटरचं एसआरटीएम उंचीचं रास्टर घ्या, उतार काढा, पाणी कुठे साचतं त्याचा निर्देशांक काढा. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची दृश्यं घ्या, पण नोव्हेंबर ते मे मधली. पावसाळ्यात तुमच्याकडे ढगांशिवाय काही दिसणार नाही. त्यावरून खाचर, वरकस, जंगल, वाडी असे पट्टे पाडा. उपग्रहाच्या रंगावरून थेट कर्ब ओळखायचा मोह टाळा. त्याला उघडी माती लागते, तुमच्याकडे भात निघाल्यावर धसकटं, वरकसावर वाळकं गवत.

मग प्रत्येक पट्ट्याला तुमच्या नमुन्यांची सरासरी आणि शेजारी सगळ्यात कमी-सगळ्यात जास्त. बस. ज्या पट्ट्यात नमुनाच नाही तो पांढरा सोडा. देवराई पांढरी राहील, राहू दे.

पुढे कधी ८०-१०० नमुने झाले आणि मॉडेल केलंत, तर तपासणीसाठी नमुने चिठ्ठ्या टाकून बाजूला काढू नका. शेजारशेजारची खाचरं एकमेकांसारखीच असतात, एक शिकायला आणि दुसरं परीक्षेला दिलं की मॉडेल कॉपी करून पास होतं. एक सबंध वाडी बाजूला ठेवा, तिच्यावर परीक्षा घ्या.

---

खाचरातला (२० जानेवारी, रात्री ८:४०)

खताचं मी बोलतो. फिकट दिसेल त्याला आधी खत, असं करू नका. उतारावरच्या वरकसात गांडूळखत टाकलंत तर जुलैच्या पहिल्या सरीत ओढ्यात. तिथे आधी बांध, गवताची पट्टी, बांधावर गिरिपुष्प. त्याचाच पाला कापून खाचरात घातला तर डोंगरातला टहाळ थोडा कमी तुटेल.

खाचरातही बघा कोण काय करतो. मी नेरळच्या सगुणा पद्धतीनं करतो, गादीवाफ्यावर भात टोकतो, चिखलणी नाही, कापणी झाली की मुळं जमिनीतच. शेजारी दरवर्षी चिखलणी करतो, धसकटं गोळा करून जाळतो. दोघांना एक-एक गाडी खत द्या, कुणाच्या जमिनीत टिकेल? गटानं त्याला आधी जाळणं सोडायला लावावं, मग खत.

आणि दरवर्षी तपासून "वाढला का, वाढला का" करू नका. पोराला दर आठवड्याला दाराच्या चौकटीला उभं केल्यासारखं होतं.

---

परीक्षानळी (२१ जानेवारी, सकाळी ७:०५)

त्याला आकडा देते. २०१५ च्या पॅरिस परिषदेत "हजारी चार" असा उपक्रम निघाला होता, मातीतला साठा वर्षाला हजारी चारने वाढवायचा. तुमच्या खाचरात ते जमलंच, तर १.२० चं पुढच्या वर्षी १.२०५ होईल. त्या शेवटच्या थेंबाची चूकच याहून मोठी असते. पाच वर्षांनी जा. त्याच महिन्यात, त्याच जागी, तितक्याच खोलीवर, त्याच लॅबकडे. आत्ताची वाळवलेली माती थोडी-थोडी काचेच्या बाटल्यांत भरून चिठ्ठी आत टाकून ठेवा, तेव्हा जुनी आणि नवी एकाच दिवशी तपासून घेता येतील. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा.

---

मुलुंडची_मुरबाडकरीण (२ फेब्रुवारी, रात्री ११:५५)

शेवटचं कळवते. दोन नकाशे झाले. पहिला साठ्याचा, टनांत, जंगलाच्या कडेपासून खाचरापर्यंत, त्यात देवराई पांढरी आणि मध्ये लिहिलंय "इथे खणलेलं नाही". दुसरा फक्त खाचरांचा, प्रत्येकाची तुलना बाकीच्या खाचरांशीच. त्यात राबाचे तुकडे आडव्या रेघा मारून वगळलेत. लोणच्याच्या १४ बाटल्या आईच्या माळ्यावर चढल्यात, ती रोज विचारते किती दिवस.

गटाच्या बैठकीत खतापेक्षा राबावरच जास्त वेळ गेला. दोघांनी यंदा निम्मा राब करून बघतो म्हटलंय, एकजण उठून गेला.

भावाने व्हॉट्सअॅपवर दुरुस्ती टाकली: "आधीचा मेसेज चुकीचा होता. आपल्या खाचरांत कर्ब ३१ टक्के नसून १ च्या आसपास आहे." दोन मिनिटांत एका काकांचा सवाल: "उरलेले ३० कोणी खाल्ले?"

त्याखाली ४२ जणांचे अंगठे आहेत.